रविवारचा रेनेसान्स वर्ग: पैसे वसूल, फक्त तो प्रोजेक्टर बदला

आधीच सांगून टाकतो, मला चित्रातलं काही कळत नाही. शाळेत इलिमेंटरी कशीबशी पास झालो, इंटरमिजिएटला सी ग्रेड, ती पण स्मरणचित्रात बसस्टॉप आला म्हणून, कारण माणसं पाठमोरी काढली की चेहरे काढावे लागत नाहीत. त्यानंतर हातात ब्रश धरला तो डायरेक्ट गॅलरीच्या ग्रिलला ऑइलपेंट मारायला. पोटापाण्यासाठी लोकांचे जीएसटी रिटर्न भरतो. तेव्हा हा रिव्ह्यू जाणकाराचा नाही, फी भरून सहा रविवार प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेल्या गिऱ्हाईकाचा आहे.

गेलो तो आत्यामुळे. आत्या एकाहत्तर वर्षांची, बँकेतून रिटायर, दोन वर्षांपूर्वी टूरबरोबर युरोप करून आली, अकरा दिवसांत सात देश. आल्यावर चितळ्यांची बाकरवडी खात खात तिनं जो निकाल दिला तो असा, की "अरे सगळी म्युझियमं सारखीच. तीच आई, तेच बाळ. फ्लॉरेन्सला तेच, ब्रुसेल्सला तेच, लंडनला परत तेच. मी शेवटी बाकावर बसून पाय दाबत होते." मग या जूनमध्ये तिच्याच एका मैत्रिणीनं व्हॉट्सॅपवर पत्रक पाठवलं, युरोपातल्या वेगवेगळ्या भागांतला रेनेसान्स (पंधराव्या-सोळाव्या शतकात तिकडच्या कलेनं जे नवं वळण घेतलं ते), तुलनात्मक रसग्रहण, सहा रविवार, सकाळी दहा ते साडेबारा, मराठीतून, फी तीन हजार सहाशे. आत्या म्हणाली, बघूया तरी वेगळं काय आहे ते, आणि मला गाडी चालवायची म्हणून माझेही पैसे तिनंच भरले.

(आयोजकांचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये. पुढे तक्रारी पण आहेत आणि माणसं चांगली आहेत. ज्यांना जायचंय त्यांना पेठेत कुठेही विचारलं तरी कळेल.)

सोयीगैरसोयी आधी उरकतो. हॉल पेठेतल्या एका गल्लीत, जुन्या वाड्याच्या जागी झालेल्या बिल्डिंगच्या पहिल्या मजल्यावर. लिफ्ट आहे पण रविवारी बंद असते, का ते विचारू नका, मी विचारलं तर वॉचमन म्हणाला "रविवार आहे ना". फोरव्हीलर न्यायचीच नाही. आम्ही पहिल्या दिवशी नेली आणि ती इतकी लांब लावावी लागली की त्यापेक्षा घरूनच चालत आलो असतो तर बरं झालं असतं, दुसऱ्या रविवारपासून रिक्षा. खुर्च्या प्लास्टिकच्या, बिनहाताच्या. पंखे तीन, त्यातला एक आवाज करतो. मधल्या सुट्टीत चहा आणि दोन पार्ले-जी फीमध्ये धरलेले, चहा बरा असतो. वेळ मात्र पाळतात, दहा म्हणजे दहा, दहा पाचला दार लावून घेतात आणि मग उशिरा आलेला माणूस कडी वाजवतो तेव्हा सगळे वळून असे बघतात की पुढच्या वेळी तो पावणेदहालाच हजर.

आता मुख्य मुद्दा, शिकवणं. शिकवणाऱ्या मॅडम साठीच्या आसपास, कॉटनची साडी, आवाज बारीक पण स्पष्ट. पहिल्याच तासाला त्यांनी स्क्रीनवर दोन चित्रं शेजारी शेजारी लावली, दोन्हीत मेरी आणि बाळ येशू. आत्यानं मला कोपर मारलं, बघ, तेच. मॅडम म्हणाल्या, पाच मिनिटं गप्प बसून दोन्ही बघा आणि फरक सांगा. डावीकडचं राफाएलचं, साधारण १५०५-०६ चं, आज फ्लॉरेन्सला आहे, मेरी मोकळ्या हवेत बसलेली, मागे निळसर डोंगर, दोन पोरं तिच्या गुडघ्याशी खेळतायत आणि एकाच्या हातात पक्षी. उजवीकडचं यान व्हॅन आयकचं, त्याच्या सत्तरेक वर्षं आधीचं, आज फ्रँकफर्टला. यात मेरी एका अरुंद खोलीत बसून बाळाला पाजतेय, बाजूला कोनाड्यात पाण्याची काचेची सुरई, पितळी परात, खिडकीत ठेवलेली दोन फळं. लोक सांगायला लागले, याच्यात डोंगर आहेत त्याच्यात नाहीत वगैरे. मग आत्या म्हणाली, "त्या डावीकडच्या बाईच्या पदराखाली गुडघा कुठाय ते कळतंय, उजवीकडचीच्या कपड्याखाली बाई आहे की नाही तेच कळत नाही, पण कापड मात्र हात लावून बघावंसं वाटतं." मॅडम दोन सेकंद गप्प झाल्या आणि म्हणाल्या, आजचा निम्मा तास यांनीच घेतला.

खरंच तेवढंच होतं. इटलीवाल्यांना शरीर हवं होतं, हाडं, वजन, तोल, कारण त्यांच्या आजूबाजूला जुन्या रोमन मूर्ती मातीतून निघत होत्या आणि ते त्या बघून शिकत होते. फ्लँडर्सच्या लोकांकडे (म्हणजे आजचं बेल्जियम, ब्रूज, गेंट हे सगळं) असल्या मूर्ती नव्हत्या, त्यांच्याकडे कापडाचा व्यापार होता. लोकर, मखमल, जर, गालिचे, हे ज्यांच्या गावात रोज मोजलं जातं ते चित्रात पण कापड ओळखणारच. आपल्याकडे पैठणीच्या दुकानात बसणाऱ्या माणसाला चित्र काढायला लावा, तो आधी काठ काढेल.

पहिल्या रविवारचा दुसरा भाग मला सगळ्यात जास्त आवडला कारण हाताला काम होतं. मॅडमनी लाकडी ट्रे आणले होते, त्यात ओल्या चुन्याचा आणि वाळूचा गिलावा, आणि गेरू पाण्यात कालवून आम्हाला त्यावर काहीही काढायला लावलं. फ्रेस्को म्हणजे हेच, ओल्या चुन्यावर नुसत्या पाण्यातला रंग. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत घेत पुन्हा दगड होतो आणि रंग त्याच्या आत अडकतो. म्हणजे आज जेवढं काढून होईल तेवढाच गिलावा आज लावायचा, उरला तर खरवडून टाकायचा. मायकेलएंजेलोनं सिस्टीन चॅपेलचं छत १५०८ ते १५१२ असं एकेका दिवसाच्या ठिगळांनी भरलंय, ती जोडाची रेघ जवळून दिसते म्हणे. आणि लिओनार्डोला ही घाई सोसेना म्हणून त्यानं मिलानच्या 'लास्ट सुपर'ला कोरड्या भिंतीवर रंग लावले, तर ते त्याच्या हयातीतच सुटायला लागले. मी माझ्या ट्रेमध्ये आंबा काढायला घेतला आणि देठापर्यंत पोचेस्तोवर चुना पाणी ओढून बसला होता. आत्याचं कोयरीचं नक्षीकाम झकास आलं, रांगोळीचा हात आहे, तिला खोडायची सवयच नाही.

ब्रुनेलेस्कीचा फ्लॉरेन्सचा घुमट, १४२० ते १४३६, खालून लाकडी आधार न देता चाळीस लाखांच्या वर विटा रचून केलेला, हे पण त्याच दिवशी झालं आणि यथार्थदर्शन पण. यथार्थदर्शन म्हणजे लांबच्या रेषा एका बिंदूला जाऊन मिळतात तो प्रकार. शाळेत चित्रकलेच्या सरांनी आगगाडीचे रूळ काढून दाखवले होते तेव्हा हे कुणाच्या तरी डोक्यातून पंधराव्या शतकात निघालंय हे कुणी सांगितलं नव्हतं.

दुसरा रविवार फ्लँडर्सचा आणि तो तर पूर्ण सीरियलसारखा गेला. यान व्हॅन आयकचं १४३४ चं अर्नोल्फिनी जोडप्याचं चित्र, लंडनला आहे, आणि आत्यानं ते लंडनला बघितलंय, म्हणजे त्याच्यासमोरून चालत गेलीय. उंची जेमतेम ८२ सेंटीमीटर. नवराबायको हातात हात देऊन उभे, झुंबरात दिवसाढवळ्या एकच मेणबत्ती पेटलेली, पायाशी केसाळ कुत्रं, खिडकीत संत्री, आणि मागच्या भिंतीवर बहिर्गोल आरसा, आपल्या घाटातल्या वळणावर असतो तसला. त्या एवढ्याशा आरशात या दोघांची पाठ दिसते आणि दारात उभे असलेले आणखी दोघं दिसतात. आरशाच्या चौकटीत बटणाएवढ्या गोलांत ख्रिस्ताच्या छळाचे दहा प्रसंग. आणि वर भिंतीवर चित्रकारानं लिहून ठेवलंय, यान व्हॅन आयक इथे होता, १४३४. मी म्हटलं, सिंहगडावर लिहितात तसंच की. कुणी हसलं नाही. आत्यानं विचारलं, बाई गरोदर आहे का? मॅडम म्हणाल्या हा प्रश्न प्रत्येक बॅचला येतो, आणि नाही, घोळदार झगा पुढे उचलून धरायची तेव्हाची पद्धत होती. आत्याला पटलं नाही. तिचं म्हणणं, "तिनं हात जिथे ठेवलाय ना, तिथे बाई उगाच हात ठेवत नाही."

हे सगळं बारीक काम जमलं ते तेलामुळे. जवसाच्या तेलात रंग घोटला की सावकाश वाळतो, मग पातळ थरावर पातळ थर चढवता येतो आणि उजेड आत जाऊन परत बाहेर येतो. चुन्याच्या भिंतीवर घाई, तेलात निवांतपणा. व्हॅन आयकनं तेलरंग शोधून काढला ही गोष्ट खोटी, तेल आधीपासून वापरत होते, यानं ते कुठल्या कुठे नेलं. गेंटच्या १४३२ च्या मोठ्या वेदीचित्रातला (वेदीचित्र म्हणजे चर्चमधल्या पूजेच्या वेदीवर लावायचं चित्र) आदम दाखवला त्यांनी. अंगानं गोरा आणि हात तेवढे रापलेले. कारण कपडे काढल्यावर माणूस असाच दिसतो. इटलीत असला आदम कुणी काढला नसता, त्यांनी आधी रोमन देव डोक्यात ठेवला असता. याच वेदीचित्राचा एक तुकडा १९३४ साली चोरीला गेला तो आजवर मिळालेला नाही, त्या जागी नक्कल लावलीय.

आणि इथे मॅडमनी जे केलं त्यासाठी मी अर्धी फी तरी आनंदानं दिली असती (आत्यानं दिली, पण मुद्दा तो नाही). मी समजत होतो की रेनेसान्स म्हणजे इटलीत सुरू झालं आणि मग बाकीच्यांनी हळूहळू कॉपी मारली. त्यांनी हिशेब उलटा दाखवला. फ्लॉरेन्सच्या मेडिची घराण्याच्या बँकेची ब्रूजला शाखा होती, तिथला मॅनेजर तोमासो पोर्तिनारी. यानं ह्यूगो व्हॅन डर ग्युस नावाच्या तिकडच्या चित्रकाराकडून एक भलंमोठं वेदीचित्र करून घेतलं आणि जहाजानं घरी पाठवलं, ते १४८३ ला फ्लॉरेन्सला पोचलं. त्यात बाळाला बघायला आलेले मेंढपाळ आहेत, राकट हात, किडके दात, तोंड उघडं. फ्लॉरेन्सच्या चित्रकारांनी असली माणसं देवाच्या चित्रात पाहिलीच नव्हती. दोनच वर्षांत घिर्लांडायोनं स्वतःच्या चित्रात तसेच मेंढपाळ घातले, मॅडमनी शेजारी ठेवून दाखवले, सरळ उचललेत. म्हणजे कोण कुणाकडून शिकलं? आणि आत्याला सगळ्यात आवडलेला भाग वेगळाच, की या पोर्तिनारीनं तिकडच्या ड्यूकला बेसुमार कर्ज देऊन ती शाखाच गाळात घातली. "मॅनेजरनं स्वतःच्या अधिकारात लिमिटच्या बाहेर जाऊन दिलं असणार, हेड ऑफिसला नंतर कळलं असणार," असं म्हणून ती जुन्या आठवणीत अशी काही गेली की पुढची दहा मिनिटं तिचं लक्ष नव्हतं.

माझ्या धंद्याचा ऐवज पण निघाला. याच घिर्लांडायोचा १४८५ चा करारनामा आहे, फ्लॉरेन्सच्या अनाथालयासाठी चित्र करून द्यायचं, ११५ फ्लोरिन (तिकडचं सोन्याचं नाणं), मुदत ३० महिने, आणि निळा रंग चार फ्लोरिनला औंस या भावाचाच वापरायचा असं कलम. चक्क मालाचं स्पेसिफिकेशन. हा निळा म्हणजे लाजवर्दाचा, अफगाणिस्तानातल्या बदख्शानहून येणारा दगड. तेव्हा मेरीचा पदर निळा का, याला भक्ती हे एक उत्तर आहे आणि गिऱ्हाईकाची ऐपत हे दुसरं.

आता तो प्रोजेक्टर. चौथा रविवार व्हेनिसचा. व्हेनिस म्हणजे रंग, सगळा मामलाच रंगाचा. फ्लॉरेन्सवाले म्हणायचे आधी रेखाटन पक्कं करा मग रंग भरा, व्हेनिसवाले रंगातूनच आकार काढायचे. शहर पाण्यात, दमट हवेत भिंतीवरचा चुना टिकत नाही, म्हणून फ्रेस्को सोडून कॅनव्हासवर गेले, आणि शिडाचं कापड बंदरात हवं तेवढं. रंग विकणारी स्वतंत्र दुकानं असलेलं गाव, पूर्वेकडचा माल पहिला इथेच उतरणार. इथला जेंतिले बेल्लिनी तर थेट इस्तंबूलला जाऊन १४८० साली सुलतान मेहमेदचं चित्र करून आला. हे सगळं मॅडम जीव तोडून सांगतायत आणि त्यांच्या मागे पडद्यावर तिशियनचं 'बॅकस अँड अरियाड्ने', ज्याचं आभाळ लाजवर्दी निळं म्हणून प्रसिद्ध आहे, ते आम्हाला दिसतंय मटकीच्या उसळीच्या रंगात. प्रोजेक्टरचा दिवा केव्हाच पिवळा पडलाय. आम्ही आपले मनातल्या मनात निळा धरून बसलो होतो, वाणसामानाच्या यादीवरून जेवणाची चव घेतल्यासारखं. एकानं शेवटी मोबाइलवर चित्र काढून शेजाऱ्याला दाखवलं, मग सगळ्यांनी काढलं, आणि व्हेनिसचा तास प्रत्येकानं आपापल्या मोबाइलमध्ये बघितला. आयोजकांना दोनदा सांगितलं. उत्तर, "बघतो." पुढच्या रविवारी पण तोच. रंगावरच्या कोर्सला एवढी एक वस्तू धड नको का? तीस माणसं गुणिले तीन हजार सहाशे हा हिशेब मला करता येतो हो.

त्याच्या आदल्या, म्हणजे तिसऱ्या रविवारी प्रोजेक्टरचं काही बिघडलं नाही कारण जर्मनी जवळजवळ सगळी काळीपांढरी. चित्रकार ड्यूरर. न्यूरेंबर्गच्या सोनाराचा मुलगा, दोनदा इटलीला गेला, आणि १५०६ ला व्हेनिसहून मित्राला पत्र लिहितो त्याचा मतलब असा की इथे मला साहेबासारखं वागवतात, घरी मी फुकटखाऊ. आमच्या मागच्या रांगेतला एक तरुण चित्रकार यावर फार मोठ्यानं हसला. जर्मनीत चर्चच्या भिंतीपेक्षा कागद महत्त्वाचा ठरला. छापखाना तिकडचा, गुटेनबर्गचं बायबल १४५५ च्या सुमाराचं. लाकडाच्या फळीवर नाहीतर तांब्याच्या पत्र्यावर चित्र कोरायचं, शेकडो प्रती काढायच्या आणि जत्रेत विकायच्या. एक राजा किंवा पोप गिऱ्हाईक शोधत बसण्यापेक्षा शंभर दुकानदार गिऱ्हाईक. मॅडम म्हणाल्या तुमच्या आजीच्या देवघरात चित्रशाळा प्रेसचं देवाचं चित्र होतं की नाही? होतं. आमच्या आजीकडे रामपंचायतन होतं, फ्रेमसकट. १८७८ ला पुण्यात निघालेल्या त्या छापखान्यानं जे घराघरात नेलं, तीच युक्ती.

आणि मग तो गेंडा. हे ऐकून मी अक्षरशः पुढे सरकून बसलो. गुजरातच्या सुलतान मुझफ्फरशहानं पोर्तुगीजांना एक गेंडा भेट दिला, तो गोव्याहून जहाजानं १५१५ च्या मे महिन्यात लिस्बनला पोचला. कुणीतरी त्याचं वर्णन आणि कच्चं चित्र न्यूरेंबर्गला धाडलं आणि ड्यूररनं गेंडा न बघता गेंड्याचं चित्र कोरलं, अंगावर चिलखताच्या पत्र्यासारख्या झडपा आणि मानेवर एक जादा छोटं शिंग फुकट. ते इतकं खपलं की पुढची दोनअडीचशे वर्षं युरोपात गेंडा म्हणजे हाच. बिचाऱ्या खऱ्या गेंड्याला पोपला नजर करायला पाठवला तर जहाज इटलीच्या किनाऱ्याजवळ बुडालं. हे सांगून झाल्यावर मॅडमनी दुसरं चित्र लावलं, गंगाराम तांबटांचं, १७९० सालचं, सवाई माधवरावांच्या शिकारखान्यातला गेंडा, आज अमेरिकेत येलला आहे. समोर बघून काढलेला. कातडीच्या वळ्या, सुस्त डोळा, सगळं जसंच्या तसं. इंग्रज रेसिडेंट मॅलेटच्या पुढाकारानं पुण्यात चित्रकला शिकवायची सोय झाली होती, तिथे हे तांबट विलायती पद्धत शिकले. म्हणजे फ्लॉरेन्सचं ते रेषा एका बिंदूला मिळण्याचं गणित फिरत फिरत पेशव्यांच्या पुण्यात येऊन पोचलं होतं आणि मी आयुष्य पुण्यात काढून मला गंगाराम तांबट हे नाव माहीत नव्हतं. मधल्या सुट्टीत कुणी चहाला उठलं नाही.

जर्मनीतलं एक चित्र मात्र मला पुन्हा बघायचं नाही. ग्र्यूनेवाल्डचं क्रूसावरचा ख्रिस्त, १५१२ ते १६ च्या दरम्यानचं. अंगभर फोड, हिरवट कातडी, बोटं वाकडी झालेली. इटलीत ख्रिस्त मेलेला असला तरी देखणा असतो. मॅडमनी सांगितलं हे ज्या मठासाठी केलं तिथे बुरशी लागलेल्या राईच्या पावानं होणाऱ्या रोगाचे लोक ठेवत, अंगाची आग होऊन हातपाय झडायचे. त्या रोग्यांना समोर नेऊन बसवायचे. त्यांना देखणा देव दाखवून काय उपयोग होता. हॉलमध्ये आवाज करणारा पंखाच तेवढा ऐकू येत होता.

पाचव्या रविवारबद्दल फार चांगलं लिहिता येत नाही. फ्रान्स, इंग्लंड, स्पेन, पोर्तुगाल, पोलंड, हंगेरी, सगळं अडीच तासांत, हे म्हणजे आत्याची टूरच झाली परत. लिओनार्डो म्हातारपणी १५१६ ला फ्रान्सला गेला आणि १५१९ ला तिथेच वारला, पुढे. एल ग्रेको क्रीटचा, व्हेनिस आणि रोममध्ये शिकून टोलेडोला, पुढे. हंगेरीच्या मात्याश राजाचं ग्रंथालय, पुढे. बरं या देशांवरच तर पत्रकात भर होता, वेगवेगळे भाग म्हणून. दोन गोष्टी लक्षात राहिल्या. एक, हॉल्बाइनचं १५३३ चं लंडनमधलं चित्र, दोन राजदूत उभे आणि पायाशी काहीतरी वाकडंतिकडं फासलेलं. मॅडमनी त्याचे प्रिंट वाटले आणि कागद डोळ्याच्या पातळीला आडवा धरून कडेनं बघायला लावलं तर ती कवटी. तीस माणसं एक डोळा मिटून कागदाकडे बघतायत हे दृश्य कुणीतरी फोटो काढून ठेवायला हवं होतं. दुसरी, पोलंडच्या राजानं १५१८ ला इटलीची बोना स्फोर्झा राणी करून आणली, क्राकोला इटालियन कारागिरांनी सुंदर चॅपेल बांधलं वगैरे वगैरे, पण लोकांच्या तोंडी काय राहिलं, तर सूपमध्ये घालायच्या भाज्यांच्या जुडीला पोलिश भाषेत आजही 'इटलीचा माल' अशा अर्थाचा शब्द आहे. आपल्याकडे बटाटा पोर्तुगीजांचं नाव घेऊन बसलाय तसंच.

शेवटचा रविवार फ्लँडर्सकडचा चित्रकार ब्रॉयगेल, आणि तो तर आपलाच माणूस. इटलीला जाऊन आला पण रोमन देव नाही आणले, आल्प्स आणले. शेतकऱ्यांचं लग्न, बर्फातून कुत्री घेऊन परतणारे शिकारी, १५६५. आणि १५५९ चं एक चित्र ज्यात शंभरच्या वर म्हणी माणसं करून दाखवतायत. वासरू बुडाल्यावर विहीर बुजवणारा, भिंतीवर डोकं आपटणारा, डुकरांपुढे फुलं टाकणारा. मॅडमनी सगळ्यांना मराठी जोड्या लावायला सांगितल्या आणि हॉलचा बाजार झाला. वरातीमागून घोडं, गाढवाला गुळाची चव काय, पालथ्या घड्यावर पाणी. यावर तासभर भांडण. हा तास प्रोजेक्टर नसता तरी चालला असता.

एक सूचना, ते प्रश्नोत्तरांचं जरा बघा. एक गृहस्थ दर वेळी "प्रश्न नाही, छोटंसं निवेदन आहे" म्हणून उठायचे आणि रेनेसान्सला प्रबोधन म्हणायचं की पुनरुज्जीवन यावर बारा मिनिटं. मुद्दा चुकीचा नाही त्यांचा, पुन्हा जन्म आणि जागं होणं यात फरक आहे, पण सहा रविवार तोच? नोट्स मिळतात त्या इंग्रजीत, का बरं? शिकवणं एवढं छान मराठीत आणि कागद हातात येतो तो परका. रेकॉर्डिंग देत नाहीत. एक रविवार बुडाला की बुडाला.

आणखी एक खटकलं, बायका चित्रकार फक्त एका स्लाइडवर. सोफोनिस्बा आंग्विस्सोला, क्रेमोनाची, स्पेनच्या दरबारात गेली, आणि फ्लँडर्सची कातरिना व्हॅन हेमेसेन, जिनं १५४८ ला स्वतःला ईझलसमोर बसून चित्र काढताना काढलंय. आत्यानं हात वर केला आणि विचारलं की या दोघींवर एक तास का नाही. मॅडम म्हणाल्या पुढच्या बॅचला सातवा रविवार वाढवायचा विचार आहे. मी म्हटलं आधी प्रोजेक्टर.

पाचपैकी पाच द्यायचे होते, प्रोजेक्टरचा अर्धा आणि पाचव्या रविवारचा अर्धा कापून चार. सहकुटुंब जा, लहान मुलं नकोत, उशी घरून न्या.

परवा कॅम्पात बेकरीत गेलो होतो, आत्याला श्रुझबरी बिस्किटं हवी होती. काउंटरच्या मागे भिंतीवर एक जुनं कॅलेंडर, तारखा कापलेल्या, नुसतं चित्र ठेवलेलं, आई आणि बाळ. मी पैसे देत होतो. आत्या चष्मा सावरून बघत उभी. मग काउंटरवरच्या पोराला म्हणाली, "अरे बाळा, ती बरणी जरा बाजूला घे, मला खोली दिसत नाहीये." त्यानं बरणी सरकवली. मागे खिडकी, खिडकीत फळ, आणि जमिनीवर कडक इस्त्री मोडल्यासारख्या घड्यांचा लाल झगा. "उत्तरेकडची आहे," आत्या म्हणाली, आणि रांगेतल्या मागच्या माणसाला गुडघ्याचं समजावून सांगायला लागली.